क्रूझच्या पैशात काय-काय येते अन् वरून काय लागते? आई-बाबाले न्याचं हाय

पांढरं_सोनं (ता. दारव्हा)

रामराम मंडळी. प्रश्न जरा वेगळाच हाय, हसू नका. आमच्या आई-बाबाच्या लग्नाले येत्या मार्चात ५० वर्ष होते अन् पुण्याचा लहाना भाऊ म्हणते का यावर्षी घरी पंगत-बिंगत नोको, हरभरा निघाला का दोघाईले मुंबई-गोवा क्रूझवर नेऊ. आई-बाबा, आम्ही दोघं भाऊ अन् दोन्ही सुना, असे सहा जण. आईनं आजलोक समुद्र पाह्यला नाही, तिच्यासाठी मोठं पाणी म्हणजे अडाण नदीचा पूर.

मोबाईलवर जाहिरात पाह्यली, दोन रात्रीचे माणशी २१ हजार, अन् खाली मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी लिवलेलं. भावानं एजंटले फोन लावला तं तो म्हणे, "सर, सब इन्क्लूड है." आता "सब" म्हनलं का मले भेवच वाटते. पोरीच्या लग्नात मंगल कार्यालयवाल्यानंही सगळं धरूनच सांगतलं होतं, अन् शेवटी जनरेटरचं डिझेल वेगळं, भांडे घासणाऱ्या बाया वेगळ्या, नवरीच्या खोलीतला एसी लावला तं त्याचेही वेगळे लावले होते.

म्हणून ज्यायनं खरंच जाऊन पाह्यलं त्यायनंच सांगा. जेवण कितीही वेळा भेटते का? चहाचं कसं हाय, बाबाले दिवसातून सहा कप लागते. पाणी इकत घ्याव लागते का? गोव्यात उतरल्यावर गाडी त्यायची का आपली? भाऊ थोडी घेते, ते वेगळंच असन ना? अन् खोली खिडकीवाली घ्याव का बिनखिडकीची? तिकिटाच्या वर खिशात किती ठेवून निघाव ते सांगा, सहा जणात तिथं जाऊन खाली पाहाची पाळी नको.

वर्धेची_सून

दादा, आम्ही मागच्या डिसेंबरमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, सेम मुंबई-गोवा, म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर माफ करा.

आधी जेवणाचं. मोठ्या बुफे हॉलमधलं सकाळ-दुपार-रात्र सगळं तिकिटात येतं, कितीही वेळा घ्या, ताट कितीदाही बदला. तिथला चहा-कॉफी अन् मशीनचं पाणी पण फुकट. शाकाहारी वेगळं असतं, जैन सुद्धा होतं. पण त्याच जहाजावर दोन-तीन "स्पेशल" रेस्टॉरंट असतात, दिवे मंद, टेबलावर कापड, तिथं बसलात की बिल वेगळं. बाहेरून बोर्ड दिसत नाही चटकन, आम्ही तर बसलोच होतो, मेन्यूवर आकडे दिसले तेव्हा मुलाला लघवीला लागली म्हणून उठलो.

आता आमच्या मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची गंमत. पहिल्या दुपारी बुफेत ते फक्त दोन पोळ्या अन् वरण घेऊन आले. म्हटलं मामाजी पनीर घ्या, गुलाबजाम आहेत, तर म्हणे "नको, भूक नाही." सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, "ताट मोजते का वं तो टोपीवाला?" तो टोपीवाला कुक बिचारा नुसता उभा होता, त्यांना वाटलं वाढल्यावर हिशोब लिहून ठेवतो. फुकट आहे म्हटल्यावर रात्री चार वाट्या आईस्क्रीम खाल्लं, शुगर असून. तर चढायच्या आधीच बाबांना नीट समजावून सांगा, नाहीतर दोन दिवस ते उपाशी फिरतील अन् तुम्हाला कळणारही नाही.

दुसरं, खोलीतली पाण्याची बाटली. टेबलावर काचेच्या ग्लासाशेजारी छान ठेवलेली असते अन् मानेला छोटा कागद अडकवलेला, त्यावर किंमत. सासूबाईंनी कागद काढून बाजूला ठेवला अन् बाटली संपवली. छोट्या फ्रिजमधल्या चॉकलेट-काजूचंही तेच. घरून रिकाम्या बाटल्या न्या अन् बुफेच्या मशीनवर भरा.

पोहण्याचा टँक, संध्याकाळचे नाच-गाण्याचे शो, मुलांची खेळायची खोली हे सगळं आमच्या तिकिटात होतं, एक मोठा शो मात्र तिकिटाचा निघाला. दारू, कोल्ड्रिंक, ताजा ज्यूस, स्पा, वायफाय, कपडे धुणं, फोटो, कसिनो यातलं काहीच येत नाही. कोल्ड्रिंकचं लोकांना खरं वाटत नाही, पण हो, एका कॅनचे पण लागतात. आमचा मुलगा वेटरला "भैया एक और" म्हणत गेला अन् शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकलं. रोख कोणी मागतच नाही ना, खोलीचं कार्ड दाखवलं की खात्यात चढतं, त्यामुळे खर्च करतोय असं वाटतच नाही. आमचं दोन रात्रीचं वरचं बिल ६,४०० आलं, त्यात अर्धं कोल्ड्रिंक अन् फोटो.

वाकडा_वखर

दोन रात्रीचे सवा लाख? तेवढ्यात मोटरपंप, पाईप अन् वरून एक गोऱ्हा येते राज्या.

वर्धेची_सून

गोऱ्हा दरवर्षी घेता येतो दादा, पन्नासावं वर्ष एकदाच येतं.

तिकीट_खिडकी (अमरावती)

मी बुकिंगचंच काम करतो, कोणत्या कंपनीचं नाव घेत नाही, पण जाहिरातीतला आकडा कसा फुगतो ते आपल्या भाषेत सांगतो. बाजार समितीत भाव बोलला जातो एक अन् काटापट्टी हातात येते तेव्हा हमाली-तोलाई कापून आकडा दुसराच असतो. इथं फक्त उलटं, कापायच्या ऐवजी चढवत जातात. २१ हजार म्हणजे नुसतं भाडं, तेही सगळ्यात स्वस्त खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचे चार्ज, सर्व्हिस चार्ज म्हणजे टीपचा ठरलेला पैसा, अन् वरून जीएसटी. एजंट "सब इन्क्लूड" म्हणतो तेव्हा तो खोटं नाही बोलत, तो जेवणाबद्दल बोलतो आणि तुम्ही पैशाबद्दल ऐकता. म्हणून त्याला एकच वाक्य म्हणा, "सहा जणांचा हातात पडणारा शेवटचा आकडा व्हॉट्सअपवर लिहून पाठव." पाठवला तर ठीक, टाळाटाळ केली तर दुसरा एजंट पाहा.

खोलीचं म्हणाल तर आतली बिनखिडकीची सर्वात स्वस्त, मग खिडकीवाली, मग बाल्कनी. तरुण पोरांना आतली चालते, झोपायलाच तर जायचं असतं. पण आईंनी समुद्र पाहिलेला नाही ना, मग त्यांना तरी खिडकी घ्या, त्यावर पैसे वाचवू नका. तुम्ही दोघं भाऊ आपापल्या बायकोसोबत आतल्या खोल्यांत राहा. एका खोलीत तिसरा-चौथा माणूस बहुतेक स्वस्तात बसतो, पण सुना-दीर एका खोलीत, ते आपल्याकडे जमणार नाही, तेव्हा तीन खोल्याच धरा.

भावाच्या 'थोडी'बद्दल. बाहेरून बाटली चढू देत नाहीत, बॅगा एअरपोर्टसारख्या मशीनमधून जातात. इस्त्री अन् पाणी तापवायची किटली पण काढून ठेवतात. पेगवर सुटे पैसे द्या, पॅकेज घेऊ नका, कारण बऱ्याच मोठ्या जहाजांवर दारूचं पॅकेज एकाने घेतलं की त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना घ्यावं लागतं, अन् वहिनीच्या नावावर पॅकेज चढलं तर ते बिल तुमच्या घरी फार महाग पडेल.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून फिरवायच्या टूर जहाजवाले विकतात, त्या वेगळ्या. सहा जण आहात तर बाहेर मोठी गाडी केलेली स्वस्त पडते, फक्त वेळ पाळा. त्यांच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या गाडीला झाला तर तुम्ही धक्क्यावर अन् बॅगा समुद्रात.

बाबांच्या बीपी-बिपीच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस जास्तीच्या अन् डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याची फी तिकिटात नसते. आधारवरचं नाव अन् तिकिटावरचं नाव एकच पाहिजे, आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर काय काय छापून येतं ते तुम्हाला माहीतच आहे.

मोर्शीचा_संत्रा

आम्ही सिंगापूरवरून केली होती, चार जण तीन रात्री, म्हणून परदेशी जहाजाचं सांगतो, पुढं कोणाच्या कामी येईल. तिथं टीप माणशी रोज ठरलेली असते अन् ती आपोआप खात्यातून कापली जाते. आमच्या जहाजावर १६ डॉलर होती. चौघांचे तीन रात्रीचे १९२ डॉलर, म्हणजे १६ हजाराच्या वर नुसती टीप, तेही लहान पोराची धरून! दारूच्या ग्लासावर परत १८ टक्के. पैसे भरताना इथं एजंटनं टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पैशावर आधीच घेतलेला कर, कापला होता, तो मेला नाही, रिटर्न भरलं का मिळते. पण नुसतं शेतीचं उत्पन्न असलेले आपले लोक रिटर्नच भरत नाही अन् तो पैसा तसाच राह्यते. गोव्यासाठी टीसीएसची भानगड नाही.

मोबाईलचं मात्र दोन्हीकडं सारखं. किनारा सुटला का फोन जहाजाचं सॅटेलाईट नेटवर्क पकडते अन् बिल पाहून घाम फुटते. चढताच एरोप्लेन मोड. गावात सांगून ठेवा का दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर इकडे बोंब होते. अन् चढताना एक फोटोग्राफर सगळ्याईले थांबवून टोपी घालून फोटो काढते. काढू द्या, काढाचे पैसे नाही, दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावलेला फोटो हातात घेतला का पैसे.

पांढरं_सोनं (ता. दारव्हा)

सगळ्याईचे लय उपकार. काल एजंटले "लिहून पाठव" म्हनलं तं दोन तास गप्प, मंग आकडा आला, सहा जणाचे १ लाख ७१ हजार ६००. म्हणजे माणशी २८,६००, जाहिरातीपेक्षा ७,६०० जास्त. आई-बाबाले खिडकी त्यातच धरली. भाऊ म्हणे ठीक हाय, मी म्हनलं आता समजलं तं ठीक हाय. वरून १५ हजार वेगळे ठेवून रायलो, पुरन का?

बाबाले सांगतलं का जेवण फुकट हाय. तं म्हणे, "फुकट कसं, २८ हजार देल्ले ना." आता त्यायले आवरणं कठीण हाय.

दोन गोष्टी राह्यल्या. आईले एसटीत मळमळते, तिथं कसं होईन? अन् ठेचा-भाकर नेता येते का?

वर्धेची_सून

१५ हजार पुरतात, कोल्ड्रिंकवर लक्ष ठेवा. शिजवलेलं अन्न आमचं गेटवरच काढलं, बंद पाकिटातला चिवडा जाऊ दिला. तेव्हा ठेचा नाही, लोणच्याचे छोटे पाकीट न्या.

मळमळीसाठी डॉक्टरला विचारून एव्होमिन घ्या, जहाज हलायच्या अर्धा-एक तास आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. खोली खालच्या मजल्यावर अन् जहाजाच्या मधोमध मागा, तिथं हलतं कमी. एसटीतही मागच्या सीटवरच जास्त लागतं ना, तसंच. अन् एक दिवस आधी मुंबईत पोचा. विदर्भ एक्स्प्रेस धामणगाववरून पकडली तर सकाळी सीएसएमटीला उतरता, तिथून बॅलार्ड पिअर जवळच आहे, पण गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही. टॅक्सीवाल्याला "बॅलार्ड पिअर, क्रूझवालं" म्हणून सांगा. आमच्या टॅक्सीवाल्याने "जहाज" ऐकून भाऊच्या धक्क्यावर नेलं होतं, सासूबाई मासळीच्या टोपल्यांत बॅगा घेऊन उभ्या.

पांढरं_सोनं (ता. दारव्हा)

आई विचारून रायली का लुगडं धुवून वाळू कुठं घालाव. धुवायचे पैसे लागते म्हनल्यावर ती म्हणते मीच धुतो.

मोर्शीचा_संत्रा

भाऊ, बाथरूममध्ये दोरी असते ओढायची, तिथंच घाला. आमच्या बायकोनं बाल्कनीच्या कठड्यावर जहाजाचा टॉवेल वाळू घातला होता. तो गेला उडून, मलाक्काच्या समुद्रात. बिलात त्याचे पण लागले.