भारमान कमी म्हणून एसटीच्या फेऱ्या बंद होणार: अर्जात नेमकं काय मांडायचं?

आडवाट

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या बसस्थानकापासून गाव २४ किमी, त्यातले शेवटचे ९ किमी मुख्य रस्ता सोडून आत. गावातून तालुक्याला सकाळी ६:४५, ९:३० आणि दुपारी १:१५ अशा गाड्या आहेत. संध्याकाळी ५:४५ ला तालुक्याहून सुटणारी गाडी गावात मुक्कामी असते, तीच सकाळी ६:४५ ला परत जाते. आता ९:३० ची आणि मुक्कामी, दोन्ही "भारमान कमी, तोट्यात" म्हणून बंद करायचा प्रस्ताव आहे असं कळलं.

९:३० ला पन्नासेक जण असतात, मुलं उभी राहून जातात. मग भारमान कमी कसं? सह्यांचं निवेदन तयार होतंय, काहीजण थेट रास्ता रोको म्हणतायत. ज्यांना आगाराचं कामकाज ठाऊक आहे त्यांनी सांगावं: कोणते आकडे मागायचे, कुणाकडे जायचं आणि कशाने फरक पडतो?

वेबिल

गाडी भरलेली दिसणं आणि भारमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं निवेदन "गाडी नेहमी फुल्ल असते" एवढंच म्हणणार असेल तर आगारात ते वाचून बाजूला ठेवतील, कारण त्यांच्या तक्त्यात तसं दिसत नाही.

भारमान म्हणजे गाडीच्या एकूण आसन-किमीपैकी (आसनं गुणिले किलोमीटर) किती टक्के प्रवाशांनी वापरले. डोकी मोजून भागत नाही, कोण किती किलोमीटर गेलं ते बघतात. ढोबळ हिशेब करून दाखवतो. साधी गाडी ४४ आसनांची धरा. २४ किमी जायचं म्हणजे १०५६ आसन-किमी, जाऊन-येऊन २११२. आता तुमच्या पन्नासातले १५ जण गावातून शेवटपर्यंत जातात असं समजू: १५ गुणिले २४, म्हणजे ३६०. उरलेले ३५ पुढच्या मोठ्या गावाला चढतात, तिथून तालुका ८ किमी: २८०. एकूण ६४०, म्हणजे एका बाजूचं भारमान ६० टक्क्यांच्या आसपास. पण ही गाडी सकाळी तालुक्याहून तुमच्याकडे येते तेव्हा तिच्यात सहाच माणसं असली तर १४४. दोन्ही मिळून ७८४ भागिले २११२. आलं ३७ टक्के. मुलं दारात लटकून जातायत आणि कागदावर गाडी दोन तृतीयांश रिकामी.

दुसरी गोष्ट पासची. मासिक पासवाल्या मुलाचं दर फेरीला तिकीट निघत नाही. वाहकाच्या तिकीट मशीनच्या आकड्यात ही मुलं त्या फेरीच्या खात्यावर धरली आहेत का, आणि कशी, हे लेखी विचारा. ९:३० सारख्या फेरीत सगळा फरक इथेच पडतो.

तिसरी, सवलतीची. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत. विद्यार्थी पासात मूल ३३.३३ टक्के भरतं. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पास फुकट आहे. उरलेली रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं. म्हणजे वाहकाच्या हातात पडलेली रोकड हे त्या फेरीचं पूर्ण उत्पन्न नव्हे. "तोटा" काढताना ही प्रतिपूर्ती धरली की नाही, हा प्रश्न विचारल्याशिवाय तोट्याचा आकडा मान्य करू नका. आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रवाशांनी शून्य रकमेचं तिकीट आवर्जून मागून घ्यावं. ते निघालं तरच त्यांचा प्रवास मोजला जातो.

माहिती अधिकारात काय मागायचं:

– या दोन फेऱ्यांचं गेल्या १२ महिन्यांचं महिनावार भारमान आणि प्रति किमी उत्पन्न, त्यात सवलतीची प्रतिपूर्ती धरली आहे का
– त्याच काळात ठरलेल्या फेऱ्या किती, प्रत्यक्ष सुटलेल्या किती, रद्द झालेल्यांची तारीखवार कारणं
– ही फेरी ज्या शेड्यूलमध्ये आहे त्या गाडीचा दिवसभराचा पूर्ण तक्ता, किमीसह

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तीन स्वतंत्र अर्ज करा. प्रत्येकावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. घाई असेल तर अर्जात "अभिलेखाची पाहणी करायची आहे" असंही लिहा. नोंदवही समोर घेऊन बसलं की तासाभरात बरंच कळतं.

यातला रद्द फेऱ्यांचा अर्ज सगळ्यात मोलाचा. "चालक उपलब्ध नाही", "गाडी उपलब्ध नाही" म्हणून महिन्यातून आठ-दहा वेळा गाडी आलीच नाही तर लोक वडाप (माणसं भरून नेणारी खाजगी जीप) धरतात, आणि एकदा वडापची सवय लागली की गाडी आली तरी थांब्यावर माणूस नसतो. मग भारमान पडतं, आणि पडलेल्या भारमानावर बोट ठेवून फेरी बंद होते. रद्द झालेल्या तारखा आणि भारमान घसरलेले महिने शेजारी शेजारी मांडा. याला उत्तर देणं आगाराला अवघड जातं.

मुक्कामी

वरचं सगळं बरोबर. मी फक्त मुक्कामी गाडीबद्दल लिहिते.

आडवाट दादा, तुमच्याकडे ५:४५ ची गाडी मुक्कामी राहते आणि तीच ६:४५ ला जाते. मुक्काम बंद केला तर काय होईल बघा. संध्याकाळची गाडी माणसं उतरवून २४ किमी जवळपास रिकामी परत जाणार, आणि सकाळी ६:४५ साठी पहाटे २४ किमी रिकामी येणार. रोजचे ४८ किमी वाढले. साधी गाडी लिटरला साधारण ५ किमी धरली तर दहा लिटर डिझेल, तेही रिकाम्या गाडीवर. असं कुठलंच आगार फार दिवस करत नाही. त्यामुळे आज "फक्त मुक्काम बंद" म्हणतायत, पण थोड्याच दिवसांत ६:४५ चा नंबर लागेल. निवेदनात हा हिशेब घाला. तुमची मागणी दोन फेऱ्यांची नाही, तीन फेऱ्यांची आहे हे गावालाही कळू द्या.

मुक्काम बंद होण्यामागे बऱ्याचदा भारमान नसतंच. चालक-वाहकांना रात्री थांबायला जागा नसते, ते तक्रार करतात, आणि ती रास्त असते. दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाने डासांत, गाडीच्या बाकावर आडवं व्हायचं, पहाटे डबा घेऊन बाहेर जायचं आणि पावणेसातला पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं. वाहकाजवळ दिवसभराची रोकड असते, तिची काळजी निराळीच. वाहक महिला असेल तर अशा ठिकाणी तिची ड्युटी लावताच येत नाही, म्हणजे आगाराला दर आठवड्याला माणसं शोधत बसावं लागतं.

हे ग्रामपंचायतीच्या हातात आहे. आतून कडी आणि बाहेरून कुलूप लागेल अशी एक खोली, दोन कॉट, पंखा, मोबाइल चार्जिंगला प्लग, शौचालय आणि मोरी जवळ, पिण्याचं पाणी रात्री भरून ठेवलेलं. जुन्या चावडीची किंवा समाजमंदिराची खोली चालते. किल्ली कुणाकडे असेल त्याचं नाव ठरावात लिहा, नाहीतर खोली असते आणि किल्लीवाला शेतावर. गाडी उभी करायची जागा सपाट, दिव्याखाली, मुरूम टाकलेली हवी. पावसाळ्यात चाक रुतलं की सकाळची फेरी गेली.

खोलीचे फोटो आणि ठरावाची प्रत निवेदनाला जोडा. नुसत्या सह्यांपेक्षा याचं वजन जास्त.

साइडपट्टी

रस्ता बघितलात का? आतल्या ९ किमीबद्दल चालकांनी रस्ता खराब असल्याचा रिपोर्ट दिला असेल तर बाकी सगळं जिंकूनही फेरी अडते. तपासायच्या गोष्टी: वळणावर आत आलेल्या फांद्या (गाडीच्या टपाला आणि काचांना लागतात), जलवाहिनीसाठी खणून नीट न बुजवलेला चर, साकवाचे तुटलेले कठडे, खचलेल्या साइडपट्ट्या. गावातला रस्ता बहुतेक ३.७५ मीटरचा असतो आणि गाडीच अडीच मीटर रुंद. समोरून ट्रॅक्टर आला की साइडपट्टीवर उतरावंच लागतं, आणि तीच खचलेली असली तर गाडी कलंडते. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायला जागा आहे का, की अंधारात अर्धा किमी रिव्हर्स घ्यावी लागते, हेही पाहा.

फांद्या आणि चर ग्रामपंचायत चार दिवसांत करू शकते. बाकी रस्ता कुणाचा ते आधी शोधा: ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, राज्य मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर काम पूर्ण झाल्यापासून ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते, तारीख रस्त्याच्या सुरुवातीच्या फलकावर मिळेल. दुरुस्ती झाली की त्या विभागाकडून "रस्ता बस वाहतुकीस योग्य" असं पत्र घ्या आणि आगाराला द्या.

आडवाट

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. मुक्कामाचा हिशेब आमच्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता. दोन गोष्टी अजून: ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा, आणि वर कुणाकडे, कोणत्या क्रमाने जायचं? रास्ता रोकोबद्दलही सांगा.

ठराव_क्रमांक

ठराव मोघम नको. "गावास पुरेशी एसटी सेवा मिळावी" या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही. असं लिहा: "सकाळी ९:३० ची फेरी शाळेच्या दिवशी चालू ठेवावी, संध्याकाळी ५:४५ ची गाडी मुक्कामी ठेवावी, मुक्कामाची खोली व पाणी ग्रामपंचायत पुरवेल." फेरीची वेळ, थांबे आणि गावाने काय द्यायचं कबूल केलंय ते, सगळं त्यात यायला हवं. गणपूर्ती लक्षात ठेवा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. मार्गावरच्या बाकीच्या गावांचेही तसेच ठराव घ्या. वर वेबिल यांच्या हिशेबातले ३५ जण ज्या गावाला चढतात त्याचा तर हवाच.

सोबत गावाची स्वतःची मोजणी जोडा. सोमवार ते शनिवार, दोन्ही दिशा, प्रत्येक थांब्यावर एक माणूस. किती चढले, किती उतरले आणि कोणत्या प्रकारचे: पूर्ण तिकीट, महिला, ज्येष्ठ, विद्यार्थी पास, मुलींचा मोफत पास. बाजाराचा दिवस वेगळा दाखवा, नाहीतर आकडा फुगवलाय म्हणतील. परीक्षा आणि सुट्टीचा आठवडा टाळा. मोजणी थांब्यावर उभं राहून करा, वाहकाच्या कामात पडू नका. मुख्याध्यापक आणि प्राचार्यांकडून या मार्गावरच्या मुलामुलींची संख्या आणि शाळा-कॉलेजची वेळ, लेटरहेडवर. मुलींची संख्या स्वतंत्र मागा. तालुका मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत असेल तर मुलींसाठीच्या निळ्या गाड्या त्या योजनेतून चालतात. तशी गाडी या मार्गावर द्यावी असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा करा.

क्रम असा: आधी आगार व्यवस्थापक, समक्ष, आवक क्रमांकाची पोच घेऊन. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर विभाग नियंत्रक. महामंडळाने जुलै २०२४ पासून "प्रवासी राजा दिन" सुरू केला, त्यात विभाग नियंत्रक स्वतः आगारात येऊन तक्रारी ऐकतात. तारीख आगारातून विचारून घ्या आणि पाचच माणसं जा, पन्नास नको. समांतर, तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. आमदारांना प्रत द्या, पण सगळं त्यांच्यावर सोपवून घरी बसू नका. त्यांच्या फोनवर सुरू झालेली फेरी कागदावर नसेल तर चार महिन्यांनी पुन्हा गळते.

"महामंडळ व्यवसाय तत्त्वावर चालतं" असं उत्तर आलं तर ते खरं आहे. रस्ता वाहतूक महामंडळ अधिनियम १९५० च्या कलम २२ मध्ये तसंच म्हटलंय. पण त्याच कायद्याचं कलम १८ कार्यक्षम आणि पुरेशी सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य ठरवतं, आणि कलम ३४ खाली राज्य सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं. पैसा कमी पडत असेल तर त्याची जबाबदारी सरकारची, त्याचा भुर्दंड शेवटच्या गावाने का सोसायचा? हे निवेदनात स्पष्ट लिहा.

थोडी देवाणघेवाणीची तयारी ठेवा. कोविडच्या आधी सुमारे १८ हजार गाड्या होत्या, नंतर त्या बऱ्याच घटल्या. आगारात गाडी खरंच कमी असू शकते. तेव्हा पर्याय तुम्हीच सुचवा. ९:३० ऐवजी ९:१० केली तर शेजारच्या गावाची मुलंही त्यात बसतील का? तसं असेल तर फाट्यापासून "व्हाया" करून दोन गावांची एक फेरी मागा. तालुक्याहून येतानाची रिकामी फेरी बाजाराच्या किंवा दवाखान्याच्या वेळेला जुळवता येईल का? रविवारी ९:३० ची सोडायला गाव तयार आहे का? तीन महिने चालवून मग आढावा घ्या, असं म्हटलं की आगार व्यवस्थापकाला वर कागद पाठवणं सोपं जातं.

रास्ता रोको सगळ्यात शेवटी, आणि एसटी अडवून तर नाहीच. अडवलेली गाडी तुमच्याच मार्गाच्या खात्यात रद्द फेरी म्हणून पडते, गुन्हे तरुण पोरांवर दाखल होतात आणि काच फुटली तर त्या मार्गावर यायला चालक तयार होत नाहीत. आगाराच्या दारात दप्तरांसकट शांतपणे बसलेली मुलं आणि पालक, हातात मोजणीचा तक्ता, याचा परिणाम जास्त होतो. पोलिस ठाण्याला आधी लेखी कळवा.

वेबिल

एक राहिलं. फेरी कायम झाली की तोंडी शब्दावर थांबू नका, सुधारित वेळापत्रकाची प्रत घ्या आणि स्थानकावरच्या फलकावर वेळ लागली का ते बघा. गाडी आली नाही त्या प्रत्येक दिवसाची तारीख एका वहीत टिपत राहा. वही शाळेत ठेवा. आणि मुलांचे पास जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काढून घ्या, शाळेने एकत्र यादी दिली तर खेपा वाचतात. पास ऑगस्टपर्यंत रेंगाळले तर जून-जुलैचं भारमान पडलेलं दिसतं, आणि पुढच्या वेळी तोच आकडा तुमच्यासमोर ठेवतील.