मदत हवी आहे: फिट्ससाठी ब्रेन सर्जरी करावी का?

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट्स येतात, गोळ्या बदलून झाल्या, डोस वाढवून झाले पण थांबत काही नाहीत. एमआरआयमधे डाव्या टेम्पोरल लोबमधला (मेंदूचा कानाजवळचा भाग) हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला मदत करणारा भाग, आक्रसलेला दिसला आणि व्हिडिओ ईईजीमधे (व्हिडिओसोबत मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) पण फिट तिथूनच सुरू होते असं आलं. डॉक्टर म्हणतात दोन योग्य औषधं नीट घेऊनही फिट्स राहिल्या की तिसऱ्याने थांबायची शक्यता फार कमी, सर्जरीचा विचार करा.

मी थोडं वाचलं, २००१ साली कॅनडातली एक ट्रायल छापून आली होती त्यात वर्षभरानंतर सर्जरीसाठी निवडलेल्या गटातल्या ५८ टक्के लोकांच्या शुद्ध हरपणाऱ्या फिट्स थांबलेल्या होत्या आणि नुसत्या औषधांवर ८ टक्के. आकडा चांगलाय, पण उरलेले ४२ पण माणसंच ना!

खरी भीती वेगळीच आहे. डावी बाजू म्हणजे शब्द आठवणं, नावं आठवणं यावर परिणाम होऊ शकतो आणि हा शिकवण्याचं काम करतो, बोलण्यावरच सगळं आहे त्याचं. आई तर डोकं उघडणार म्हटलं की रडायलाच लागते, आणि तो स्वतः म्हणतो ताई करून टाकू, कंटाळा आला.

कोणी हे ऑपरेशन केलंय का, विशेषतः डाव्या बाजूचं? नंतर स्मरणशक्तीत काय फरक पडला, गोळ्या किती वर्षं चालू राहिल्या? आणि ऑपरेशनआधीच्या न्यूरोसायकॉलॉजी टेस्टवरून (स्मरणशक्ती, भाषा वगैरे तपासणारी चाचणी) कितपत अंदाज येतो? प्लीज खरं खरं सांगा, वाईट अनुभव असला तरी.