'पॅलिएटिव्ह केअर'ला मराठीत काय म्हणावे?

एएमएल, म्हणजे तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. मजकुरात बॉस्टनच्या डॉ. अरीज एल-जवाहरी यांच्या संशोधनाचा आधार आहे. 'पॅलिएटिव्ह केअर'साठी, म्हणजे आजाराचा आणि उपचारांचा त्रास कमी करणाऱ्या सेवेसाठी, मला 'उपशामक उपचार', 'वेदनाशामक सेवा' आणि 'अंतिम सेवा' असे तीन पर्याय दिसले. कोणता घ्यावा? आणि ल्युकेमियाला 'रक्ताचा कर्करोग' चालेल का?

प्रतिसाद
ल्युकेमिया तसाच ठेवा. 'रक्ताचा कर्करोग' म्हटलं की लिम्फोमा आणि मायलोमाही त्यात येतात, आणि त्यांचे उपचार निराळे. वॉर्डात नातेवाईकसुद्धा 'ल्युकेमिया', 'काउंट उतरले', 'प्लेटलेट चढवल्या' असंच बोलतात.

'अंतिम सेवा' मात्र कृपया नको. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे फक्त शेवटच्या दिवसांतली सेवा, या समजुतीच्या विरोधातच एल-जवाहरींचं काम उभं आहे. २०१६ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या चाचणीत १६० रुग्ण होते, सगळे मूलपेशी प्रत्यारोपणासाठी दाखल झालेले. म्हणजे बरं व्हायला आलेली माणसं! त्यांतल्या साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पॅलिएटिव्ह टीम आठवड्यातून किमान दोनदा भेटत होती. तोंड येणं, मळमळ, झोप उडणं, जिवाची धास्ती, यांवर ती काम करायची. दोन आठवड्यांनी, त्रास ऐन भरात असताना, या रुग्णांची स्थिती इतरांपेक्षा कमी ढासळली होती. सहा महिन्यांनंतरही त्यांच्यात नैराश्य आणि मानसिक आघाताची लक्षणं कमी होती. एएमएलवरची त्यांची चाचणी २०२१ मध्ये आली. चार रुग्णालयं, पुन्हा १६० रुग्ण, आणि कल तोच.

एएमएलच्या पहिल्या केमोला रुग्ण चार-सहा आठवडे वॉर्डातच असतो. हा शब्द त्याच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडणार आहे. 'उद्या अंतिम सेवेची टीम येईल' असं ऐकल्यावर त्या घराचं काय होईल, सांगा.

प्रतिसाद
आयुर्वेदातला 'याप्य' आठवला. साध्य, कष्टसाध्य, याप्य, असाध्य या उतरंडीतला. उपचार चालू आहेत तोवर जो आटोक्यात राहतो, तो रोग याप्य. सुश्रुतानं पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. 'यापन सेवा' कसं वाटतं?

प्रतिसाद
शब्द देखणा आहे, पण तो रोगाचं वर्णन करतो, सेवेचं नाही. ल्युकेमियाच्या सीएमएल या जुनाट प्रकाराला तो चपखल बसेल. २००१ मध्ये इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली आणि रोजची गोळी घेऊन माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करू लागली. एएमएल असा थांबून राहत नाही. तो एकतर हटतो, नाहीतर झपाट्यानं बळावतो. पॅलिएटिव्ह केअर दोन्हीकडे लागते.

प्रतिसाद
मी परिचारिका आहे. माझं मत 'शुश्रूषा'ला. 'श्रु' धातूपासून आलेला शब्द, मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. या टीमचं निम्मं काम तेच असतं. पण आज शुश्रूषा म्हटलं की लोकांना फक्त आमचं काम दिसतं. मॉर्फिनची मात्रा ठरवणारे डॉक्टर त्यात दिसत नाहीत, म्हणून एकटा हा शब्द पुरणार नाही हेही मान्य.

नावानं फरक पडतो, हे मात्र खरं. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच भाषकांना 'हॉस्पिस' (इंग्रजीत मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी जागा) म्हणजे निराधारांचा आश्रम वाटायचा, म्हणून डॉ. बॅल्फर माउंट यांनी १९७० च्या दशकात 'पॅलिएटिव्ह' शब्द पुढे आणला. 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. पुढे त्याही शब्दाला मरणाचा वास चिकटला. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रानं नाव बदलून 'सपोर्टिव्ह केअर' केलं, तेव्हा डॉक्टर रुग्णांना लवकर पाठवू लागले.

मूळ प्रश्नकर्ती
मग 'उपशामक सेवा' घेते. लगेच पुढे असं वाक्य: 'केमोथेरपी चालू असतानाच दुखणं, उलट्या, भीती आणि घरच्यांवरचा ताण कमी करणारी सेवा.' 'वेदनाशामक' गाळते, कारण ते ऐकून लोकांना नुसती गोळी आठवेल.

प्रतिसाद
छान. 'असतानाच' ठळक टाइपात छापा. आणि 'सेवा'च्या जागी 'उपचार' येऊ देऊ नका, नाहीतर केमो बंद करून हे सुरू करणार असं लोक धरून चालतील.