मदत हवी आहे : लॅटिनमधले सद्गुणांचे आणि राज्यकारभाराचे शब्द एकमेकांत मिसळतात

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

लॅटिनचं व्याकरण घरच्या घरी शिकतोय. शाळेपासून संस्कृत होतं, त्यामुळे विभक्त्यांचं भय नाही. क्रियापदं अधूनमधून दगा देतात, पण निभावतं. आता रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरोचं 'दे ऑफिकिइस' हातात घेतलंय. इ. स. पू. 44 मध्ये, अथेन्सला शिकायला ठेवलेल्या आपल्या मुलाला उद्देशून त्यानं लिहिलेलं कर्तव्यांवरचं पुस्तक. तिथे गाडं अडलंय.

नांगर, घोडा, तलवार असले शब्द एकदा डोळ्यांखालून गेले की बसतात. गुणांचे आणि सार्वजनिक जीवनाचे शब्द मात्र सगळे एकाच मापाचे वाटतात. माझी कार्डं बघा : दिग्नितास – प्रतिष्ठा. होनोस – मान, प्रतिष्ठा. ग्लोरिया – कीर्ती, प्रतिष्ठा. आउक्तोरितास – अधिकार, प्रतिष्ठा. पोतेस्तास – अधिकार. मराठी बाजू पाहून लॅटिन शब्द सांगायचा म्हटलं तर चिठ्ठी टाकावी लागेल.

आणि याचा फटका वाचताना बसतो. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस यानं आपल्या कारकिर्दीचा जो आढावा लिहून ठेवला, त्याच्या शेवटाकडे तो म्हणतो की त्यानंतर मी आउक्तोरितासमध्ये सगळ्यांच्या वर होतो, पण माझी पोतेस्तास मात्र माझ्या सहकारी अधिकाऱ्यांपेक्षा तसूभरही जास्त नव्हती. माझ्या कार्डांवरून याचं मराठी केलं तर 'माझा अधिकार सर्वांपेक्षा जास्त होता, पण माझा अधिकार सर्वांइतकाच होता' असं होतं. यातून काय कळणार, कप्पाळ?

तर हे शब्द तुम्ही कसे पाठ केलेत? पाठांतरानं होतं की आणखी काही युक्ती आहे? लिंगाचाही घोळ होतो. जाणकारांनी हात द्यावा.

चिंचेचं झाड

पाटीपेन्सिल, तुमच्याच वाक्यावर एक गंमत सांगतो, म्हणजे धीर येईल. ऑगस्टसच्या त्या मजकुराची सर्वांत चांगली प्रत अंकाराच्या देवळाच्या भिंतींवर आहे, पण 'कशामध्ये वर होतो' हे सांगणारा नेमका शब्द तिथे झिजून गेलेला. शेजारी ग्रीक भाषांतर होतं, त्यात 'आक्सिओमा' (साधारण प्रतिष्ठाच) असा शब्द. त्यावरून मॉमझेननं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या रोमच्या अभ्यासकांतल्या बाप माणसानं, रिकाम्या जागी 'दिग्नितास' भरला. पुढे विसाव्या शतकात पिसिदियातल्या (हाही आजच्या तुर्कस्तानातला भाग) अँटिओकला दुसऱ्या प्रतीचे तुकडे सापडले आणि त्यात निघालं 'आउक्तोरितास'. तेव्हा तुम्ही चांगल्या संगतीत अडकलाय.

आता मुद्द्याचं. कार्डावर मराठी प्रतिशब्द लिहूच नका. त्या शब्दावरून कोण काय करतो ते लिहा. पोतेस्तास पदाबरोबर येते आणि मुदत संपली की जाते. आउक्तोरितास पदाला चिकटलेली नसते. तुमचं म्हणणं लोक ऐकतात कारण ते तुमचं असतं. सिनेटच्या ठरावावर लोकप्रतिनिधी-ट्रिब्यूननं नकाराधिकार वापरला तर तो ठराव बारगळायचा, पण सिनेटचं मत म्हणून त्याची नोंद व्हायची. त्या नोंदीला काय म्हणत? 'सेनातुस आउक्तोरितास'. हुकूम म्हणून शून्य, वजन मात्र शाबूत. हे एक उदाहरण कार्डावर लिहा, पुन्हा घोळ होणार नाही.

दिग्नितास म्हणजे घराणं, पदं, कामगिरी यांच्या हिशेबानं समाजात तुमचं जे स्थान ठरतं ते. ते कुणी हिरावलं तर माणूस पेटतो. इ. स. पू. 49 मध्ये सीझरनं यादवी युद्ध सुरू केलं तेव्हा त्यानं हेच कारण पुढे केलं : दिग्नितास मला जिवापेक्षा प्यारी. होनोस त्या मानानं सरळ आहे : लोकांनी दिलेला मान, आणि म्हणून निवडून मिळालेलं पद. 'कुर्सुस होनोरुम' म्हणजे क्वेस्टर, प्रेटर, कॉन्सल अशी पदांची चढण. अनेकवचनात 'होनोरेस' दिसलं की आधी पदं असा अर्थ लावून बघा, बहुतेक वेळा जमतं.

सुपारी

वरच्या प्रतिसादाला +१. भर घालते.

गुण आणि अवगुण जोडीनं शिका, आणि त्यासाठी यादी करत बसू नका, सिसेरोनं ती करून ठेवलीय. सत्ता उलथवायचा कट करणाऱ्या कातिलिनाविरुद्धचं त्याचं दुसरं भाषण काढा, परिच्छेद 25. इ. स. पू. 63, नोव्हेंबर. कातिलिना रोम सोडून गेलाय आणि सिसेरो फोरममध्ये लोकांना सांगतोय की इकडे कोण लढतंय आणि तिकडे कोण. इकडे पुदोर (लाज), तिकडे पेतुलान्तिया (निर्लज्ज उर्मटपणा). इकडे फिदेस (दिल्या शब्दाला जागणं), तिकडे फ्राउदातियो (फसवणूक). इकडे पिएतास, तिकडे स्केलुस (घोर अपराध). कोन्स्तान्तिया विरुद्ध फुरोर, होनेस्तास विरुद्ध तुर्पितूदो, कोन्तिनेन्तिया विरुद्ध लिबीदो. शेवटी समन्याय, संयम, धैर्य आणि विवेक हे चौघे एकदम मैदानात उतरतात, समोर अन्याय, चैनबाजी, भेकडपणा आणि अविचार. 'हिंक... इल्लिंक...' म्हणजे 'इकडून... तिकडून' असा ठेका धरून तो परिच्छेद मोठ्यानं म्हणा. स्तोत्रं पाठ केलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

राजकारण म्हणून तो परिच्छेद निव्वळ एकतर्फी आहे हे वेगळं. शब्दांसाठी मात्र सोनं.

लिंगाचं सोपं आहे. '-तास' (षष्ठी '-तातिस'), '-तूदो' आणि '-न्तिया' शेवटाची भाववाचक नामं स्त्रीलिंगी. संस्कृत येतं म्हणताय, तर वैदिक 'देवताति', 'सर्वताति' आठवा. तो प्रत्यय आणि लॅटिन '-तास' सख्खे भाऊबंद. आपली नम्रता, समताही स्त्रीलिंगीच. 'विर्तूस' हा 'विर'पासून, म्हणजे आपल्या 'वीर'च्या भावापासून आलेला, मूळ अर्थ मर्दानगी, तरी शब्द स्त्रीलिंगी. वेगळे लक्षात ठेवायचे ते 'होनोस' आणि 'मोस', दोन्ही पुल्लिंगी. 'मोस' एकवचनात रिवाज, अनेकवचनात 'मोरेस' म्हणजे माणसाची वागणूक, चारित्र्य.

पाटीपेन्सिल

चिंचेचं झाड, सुपारी, दोघांचेही मनापासून आभार. मॉमझेनचा किस्सा भारी. परिच्छेद 25 आजच उतरवून काढतो.

एक शंका राहिली. सुपारीताई, तुम्ही 'पिएतास'पुढे कंसात काही लिहिलं नाहीत. मुद्दाम का? माझ्या कार्डावर 'भक्ती' आहे.

सुपारी

मुद्दामच. 'भक्ती' खोडा. देव, आईवडील आणि देश या तिघांचं आपण जे देणं लागतो ते चुकतं करणं म्हणजे पिएतास. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याचा नायक एनिअस 'पिउस' (पिएतास असलेला) आहे तो पूजा करतो एवढ्यावरून नाही. जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघतो, बापाच्या हातात कुलदेवता, आणि पोराचं बोट धरलेलं. कार्डावर तेवढं चित्र काढा, अक्षर एकही नको.

चिंचेचं झाड

अवांतर : बायको मागून चालत होती, ती हरवली. तिचं देणं त्या यादीत कुठे बसतं यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.