यिप्पी म्हणजे हिप्पी का? मराठीत काय लिहायचं?

साठच्या दशकातला अमेरिकन आंदोलक अ‍ॅबी हॉफमन याच्यावर लेख लिहितेय, त्यात 'यिप्पी' शब्द सारखा येतो. हा हिप्पीचाच वेगळा उच्चार आहे का? मी सध्या 'चळवळ्या' लिहिलंय, चालेल?

---

नाही हो ताई, दोन्ही वेगळे. हिप्पी समाजाकडे पाठ फिरवून बाजूला झालेला, आणि यिप्पी तेच केस तोच अवतार घेऊन थेट राजकारणात घुसणारा. १९६७ च्या ३१ डिसेंबरला हॉफमनच्या घरी सगळे जमलेले असताना त्याचा साथीदार, उपहासलेखक पॉल क्रासनर याला हा शब्द सुचला, आणि पेपरवाल्यांना सांगायला जरा भारदस्त काहीतरी हवं म्हणून हॉफमनची बायको अ‍ॅनिटा हिने त्याला 'युथ इंटरनॅशनल पार्टी' हे नाव जोडून दिलं. म्हणजे आधी 'यिप्पी!' ही आनंदाची आरोळी, मग फुलफॉर्म!

'चळवळ्या' नको असं मला अगदी मनापासून वाटतं, त्यात उगाच लुडबुड करणारा अशी छटा आहे. 'विद्रोही'ला आपल्याकडे स्वतःचा इतिहास आहे, तो इथे ओढू नये. मला 'सोंगाड्या' जवळचा वाटतो. ऑगस्ट १९६७ मध्ये हॉफमन न्यूयॉर्क शेअरबाजाराच्या गॅलरीत उभा राहून खाली डॉलरच्या नोटा उधळतो, खालचे काही दलाल त्या वेचायला धावतात, काही वर बघून शिव्या घालतात, भाषण वगैरे काही नाही तरी मुद्दा पोचला, आणि पुढे बाजाराने त्या गॅलरीला काच बसवली. पुढच्या वर्षी शिकागोतल्या निदर्शनांत तर यिप्पींनी डुकरालाच राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार केलं.

---

सोंगाड्या छान आहे, पण मला तो अपुरा वाटतो. सोंग काढलं की खाली काही नाही असं वाचणाऱ्याला वाटेल. यिप्पी व्हायच्या आधी हॉफमन कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात होता. शिकागोतल्या त्या निदर्शनांवरून झालेल्या खटल्यात त्याला शिक्षा झाली, ती १९७२ मध्ये अपिलात रद्द झाली, मग १९७३ ला कोकेनच्या केसमध्ये अटक, आणि १९७४ पासून फरार. आणि फरार असताना काय केलं, तर सेंट लॉरेन्स नदीकाठी बॅरी फ्रीड नावाने राहून, बर्फ फोडून हिवाळ्यातही जहाजं चालवायच्या सरकारी योजनेविरुद्ध गावकऱ्यांना उभं केलं, पोलिसांना हवा असलेला माणूस सिनेटच्या सुनावणीत साक्ष देऊन आला! मला तर त्याचं हेच काम सगळ्यात मोठं वाटतं. १९८० मध्ये तो स्वतःहून हजर झाला, १९८९ मध्ये गेला.

म्हणून 'यिप्पी' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'सोंगातून राजकारण करणारे' एवढं द्या. आणि प्रूफ नीट बघा, 'यप्पी' छापलं गेलं तर अर्थ उलटा होईल. यप्पी म्हणजे शहरातला मोठ्या पगाराचा तरुण नोकरदार. हॉफमनचा जुना साथीदार जेरी रुबिन पुढे वॉल स्ट्रीटवर गेला आणि ८० च्या दशकात दोघांचे 'यिप्पी विरुद्ध यप्पी' असे जाहीर वाद व्हायचे, त्या परिच्छेदात तर दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतील.