अनुभव धागा: पावसाळ्यात नॅशनल पार्कातले झरे आणि दहिसर नदी

ओहोळवेडा
सकाळी ग्रुपवर कुणीतरी दहिसर नदीत डुंबणाऱ्या पोरांचा व्हिडिओ टाकला आणि बोरिवलीचे सगळे जुने पावसाळे आठवले. म्हणून धागा. आपापले ठोकताळे लिहा, रडगाणी नकोत.

सुरुवात माझ्याकडून. ओहोळ दोन मिनिटांत फुगतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरावर कोसळत असतं. स्वच्छ पाणी गढूळ झालं, त्यातून पाला-काटक्या वाहत येऊ लागल्या की लगेच काठ चढायचा. बॅग राहिली तर राहू दे. गुडघाभर वेगाचं पाणी मोठ्या माणसालाही आडवं करतं.

कांदिवलीची काकू
पार्क सोमवारी बंद असतं हे आधी लिही रे. आतली कान्हेरी लेणीही बंद. दरवर्षी कुणीतरी सोमवारी फाटकावर डबे घेऊन उभं असतंच 😄 आणि रविवारी रेल्वेचा जम्बो ब्लॉक बघून निघा.

तिबोटी
दुर्बीण ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) आणा. ४२ भागिले ८, म्हणजे डोळ्यात सव्वापाच मिमीचा प्रकाश येतो. खिशातली १०x२५ फक्त अडीच मिमी देते, ढगाळ जंगलात तिच्यातून काळोखच दिसतो.
शीळकरी कस्तूर पहाटे ओढ्याकाठी गातो, माणसाची शीळच वाटते.
तिबोटी खंड्या पावसाच्या तोंडावर येतो (कर्नाळ्याला जास्त खात्रीचा) आणि ओढ्याच्या मातीच्या कड्यात बीळ खणतो. फोटोसाठी त्या कड्यावर उभं राहू नका, माती ढासळते. चोचीत पाल-बेडूक घेऊन पक्षी घिरट्या घालतोय पण बिळात शिरत नाही, तर तुम्ही फार जवळ आलात. निघा.

ओहोळवेडा
+१. आणि एसी डब्यातून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नये, लेन्सवर बाष्प धरतं. अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

भूगोलमास्तर
पाऊस थांबल्यावरही झरा का वाहतो? सह्याद्रीच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. भेगांतून मुरलेलं पाणी तो खाली जाऊ देत नाही, मग ते डोंगराच्या कुशीतून बाहेर फुटतं. कान्हेरीच्या भिक्षूंनी वाहतं पाणीही वाया जाऊ दिलं नाही: कातळात पन्हळी कोरून पाणी लेण्यांशेजारच्या पोढ्यांत (कातळातल्या टाक्यांत) उतरवलं. शंभरावर लेणी, जवळजवळ प्रत्येकीची पाण्याची सोय. पोढीत पाय घालू नका, खोली कळत नाही.

मी_वांद्र्याची
मिठी नदी पण इथलीच ना?

भूगोलमास्तर
विहार (१८६०) आणि पवई तलावांच्या सांडव्यातून. पुढचं वांद्र्याला तुम्हालाच ठाऊक.

मी_वांद्र्याची
😑

डॉ. घरचा
पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. लेप्टोचा ताप उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. उतरलातच तर औषध डॉक्टरांना विचारून, पहिल्या एक-दोन दिवसांतच.
दुसरं म्हणजे साप. हिरवा विषारी चापडा ओढ्याकाठच्या फांदीवर कमरेच्या उंचीला पानासारखा बसतो, हात टेकण्याआधी बघा. चावला तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, अवयव हलवू नका, सरळ हॉस्पिटल. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी आहे, चापड्यासाठी नाही. म्हणून डॉक्टरांना वर्णन नीट सांगा. साप पकडून नेऊ नका, प्लीज.

कांदिवलीची काकू
माकडांचं कोण लिहिणार? प्लास्टिकची पिशवी दिसली की खाऊ समजून झडप घालतात. डबा बॅगेत, चेन बंद. आणि खायला देऊ नका हो, त्यानेच चटावतात.

रानवाटसरू
बिबट्याबद्दल: पोरं घोळक्याच्या मधोमध. संध्याकाळी ओढ्याकाठी वाकून किंवा उकिडवं बसू नका, बुटकं दिसतं ते भक्ष्य वाटतं. समोर आलाच तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका, पळायचं नाही. पार्कातल्या शिलोंडा वाटेला परवानगी आणि सोबत माहितगार हवाच.
शेवाळलेल्या काळ्या कातळावर सपाट रबरी तळवा हमखास घसरतो. खाचांचे बूट घाला. सुती मोजे पाणी धरून फोड आणतात, सिंथेटिक घाला. खेकडे धरणं पार्कात गुन्हा आहे, कालवणाचे बेत बाहेर करा.

तिबोटी
कारवी कधी आता? २०२४ ला फुलली होती ना.

रानवाटसरू
आठ वर्षांनी एकदा, २०१६ नंतर २०२४. म्हणजे आता २०३२. बी टाकलं की झाड मरतं, सध्या वाळके दांडे दिसले तर उपटू नका.

कांदिवलीची काकू
२०३२?? माझे गुडघे विचारून सांगते. बरं, फाटकाबाहेर कणीस भाजणारी अजून बसते का?