तुमचा पहिला कोड दुसऱ्या कोणी वाचला तेव्हा... (अनुभव धागा)

काल स्वतःचाच चार वर्षांपूर्वीचा कोड उघडला. 'तात्पुरते२' नावाचं फंक्शन (कोडचा एक तुकडा) अजून प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरतात त्या चालू सॉफ्टवेअरमध्ये, नांदतंय. नवशिके असताना कोणत्या प्रसंगानं तुमची कोड लिहायची रीत बदलली? सल्ले नकोत, प्रसंग सांगा.

जुना पेठकर: २०१७. सदाशिव पेठेत दोन खोल्यांचं ऑफिस, बिलिंगचं सॉफ्टवेअर, माझा नोकरीचा तिसरा महिना. १ जुलैपासून जीएसटी. सर्व्हिस टॅक्सचे १५ टक्के जाऊन १८ येणार. कोडमध्ये जिथे तिथे नुसते १५. मी हुशारी केली, सगळे १५ शोधून एका फटक्यात १८ केले आणि चहाला गेलो. आठवडाभरात फोन सुरू. उधारीची मुदत १५ दिवसांची होती, ती १८ झाली. त्याहून भारी म्हणजे जीएसटी क्रमांक असतो १५ अक्षरी, आणि आमचं सॉफ्टवेअर माझ्या कृपेनं १८ अक्षरं मागत होतं! एकही क्रमांक आत जाईना. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "प्रत्येक पंधराचं आधी बारसं कर, मग हात लाव." कराचा दर, मुदतीचे दिवस, क्रमांकाची लांबी... रात्री दहापर्यंत बारशी चालली होती.

वाकड पुलावरून: आमच्या सीनियर ताई रिव्ह्यूत, म्हणजे आमचा कोड तपासताना, तो आम्हालाच मोठ्यानं वाचायला लावायच्या. "जर अपात्र नाही असं नसेल तर..." इथे मीच अडखळले. ताई नुसत्या बघत राहिल्या.

सिंहगड रोड: कॉलेजात कॉमेंटला (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप) मार्क, म्हणून ओळीओळीवर कॉमेंट. नोकरीत एका ठिकाणी कॉमेंट म्हणत होती 'तीनदा प्रयत्न', कोड करत होता पाचदा. कॉमेंटवर विश्वास ठेवून दोन तास गेले. आता मी फक्त 'असं का' तेवढंच लिहितो: बँकेचा सर्व्हर रात्री बारानंतर तासभर बंद, म्हणून इथे थांबतो.

भाचीची मावशी: भाचीला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवत होते. कोडमधल्या इंग्रजी नावांत ती गोंधळायची. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, म्हणून 'एकूण_गुण', 'विषय_संख्या' लिहायला सांगितलं. सरासरी तिची तिनं काढली. (ऑफिसात करू नका, निम्मी टीम बेंगळुरूत असते.)

धागाकर्ता: पेठकर, सोमवारी 'तात्पुरते२'चं बारसं घालतो, घुगऱ्या माझ्याकडून. 'तात्पुरते१' मात्र अजून कुठेच सापडलेलं नाही.